तारे चमकतात

हसवणारं वाक्य सुचलं की ते गिळायला मोठं मन लागतं. ऑर्नेला कुचिनोत्ताकडे मोठं मन नव्हतं असं नाही, पण वेळेवर कधी सापडायचं नाही. मेस्सिनाच्या टेकडीवरच्या त्या लहानशा खगोलसंस्थेत तिच्या जिभेला सगळे वचकून असत. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर "मी आपली खरं तेच बोलते बाई" ही पुस्ती. असं म्हणणाऱ्या माणसांना खऱ्यापेक्षा बोलण्याची हौस जास्त असते. तिलाही होती.

तर झालं असं. आकाशात फिरणारी क्ष-किरणांची दुर्बीण एक, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेले लोक जगभर. म्हणून दरवर्षी सगळ्यांनी अर्ज करायचे, की आम्हाला अमुक तारा बघायचाय, इतका वेळ द्या. अर्जावर नाव घालायचं नाही. अर्ज तपासणाऱ्याचंही नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, तशी सही करून द्यावी लागते. वशिला नको आणि जुनी भांडणंही नकोत, यासाठी हा खटाटोप. त्या वर्षी ऑर्नेला तपासणाऱ्यांच्या समितीत होती, आणि समितीत असल्याचा तिला मनातून बराच अभिमान होता.

अर्जांचा ढीग तिच्याकडे आला आणि तिने तो आज-उद्या करत ठेवला. शेवटचे काही उरले तेव्हा भाच्याचा बाप्तिस्मा तोंडावर आलेला. ती केस रंगवायला जाऊन बसली, डोक्यावर रंग, त्यावर चांदीचा कागद, हातात फोन, आणि फोनवर कृत्तिकांचा अर्ज. कृत्तिका म्हणजे सिसिलीतल्या म्हाताऱ्यांची 'कोंबडी आणि पिल्लं'. तारे वयाने कोवळे आणि सगळे एकाच वेळचे. त्यातले सूर्यासारखे लहान तारे क्ष-किरणांच्या नुसत्या आगी ओकतात. पांढरे, तापलेले, मोठे तारे मात्र गप्प. गप्पच असायला हवेत, असं पुस्तकं म्हणतात. त्यांच्याकडून क्ष-किरण आलेच, तर शेजारी चिकटून बसलेल्या एखाद्या बारक्या ताऱ्याचे आले असणार, असं म्हणून विषय मिटवायचा, अशी पद्धत आहे. या अर्जदाराचं म्हणणं होतं की त्यातला एक पांढरा तारा स्वतःच बोलतो, पण इतक्या हळू की दुर्बिणीसमोरच्या जाड फिल्टरमध्ये त्याचा आवाज अडतो. तेव्हा पातळ फिल्टर लावून बघू द्या.

पातळ फिल्टर! ऑर्नेला आरशात बघून हसली. पातळ फिल्टरमधून ताऱ्याचा साधा उजेड आत झिरपतो, आणि तो साठला की यंत्र फसतं, त्यालाच क्ष-किरण समजतं. पहिल्या वर्षाचं पोरही ही चूक करत नाही. तिने दुसऱ्या पानाच्या अर्ध्यावर वाचणं थांबवलं आणि अंगठ्याने शेरा लिहिला: 'अर्जदाराला विसर पडलेला दिसतो, म्हणून नम्रपणे आठवण करून द्यावीशी वाटते की तारे चमकतात.'

समितीच्या बैठकीत हा शेरा वाचला गेला तेव्हा लोक टेबलावर हात आपटून हसले. अध्यक्षांनी डोळे पुसले, आणि शेरा एक अक्षर न बदलता अर्जदाराकडे गेला. ऑर्नेला त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत गेली.

संस्थेत खिडकीपाशी एक टेबल होतं, ते प्रोफेसर लेतेरियो शिमोने यांचं. सगळं गाव त्यांना लिल्लो म्हणायचं. निवृत्त होऊन काळ लोटला होता, पण रोज सकाळी ते टेकडी चढून यायचे, बरोबर कागदात गुंडाळलेला फोकाच्याचा, म्हणजे तिथल्या जाडसर पावाचा चौकोन, वर चीज आणि खारवलेला मासा, ज्याच्या वासाने सगळा मजला कामातून उठायचा. ऑर्नेलाला क्ष-किरण म्हणजे काय ते यांनीच शिकवलं. तिच्या वडिलांनी शिक्षण पुरे म्हटलं तेव्हा त्यांच्या मासळीच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहून भांडलेही हेच.

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी लिल्लो फोकाच्याशिवाय आले. हातात एकच छापलेला कागद होता.

"डॉक्टरीणबाई, वेळ आहे का म्हाताऱ्यासाठी?"

"म्हातारा कोण इथे? बसा की. आज वास कसा नाही आला तुमचा?"

"भूक नाही पोरी. हे जरा वाच. नाही, थांब, मीच वाचतो, तुला म्हाताऱ्याच्या कागदांचा कंटाळा." त्यांनी चष्मा सारखा केला आणि शाळेतल्या मुलासारखं नीट, सावकाश वाचलं. "अर्जदाराला विसर पडलेला दिसतो, म्हणून नम्रपणे आठवण करून द्यावीशी वाटते की तारे चमकतात."

ऑर्नेलाच्या कानशिलातून वाफा निघाल्या. समोर टेबल होतं म्हणून बरं, नाहीतर हात कुठे ठेवावेत तिला कळलं नसतं. तिचंच वाक्य, तिच्याच गुरूच्या तोंडून, आणि त्यातलं ते 'नम्रपणे' तर आता थुंकल्यासारखं ऐकू आलं.

"तुम्ही... तुम्ही अर्ज केला होतात? बोलला नाहीत."

"नाही सांगितलं कुणालाच. म्हटलं, मिळाला वेळ तर पोरांना चकित करू. शेवटचा एकदा." ते हसले. "छान लिहिलंय पण, नाही? माणूस हुशार आहे."

"गाढव आहे! असले परीक्षक... तुम्ही कशाला मनाला लावून घेता? फाडून टाका तो कागद."

"अगं, पण खरंच लिहिलंय त्याने. विसर पडलेला दिसतो." लिल्लोंनी कागदाची घडी घातली. "गंमत ऐक. उजेड झिरपतो हे मला माहीत होतं. त्यावर उपायही लिहिला होता मी, तिसऱ्या पानावर. छप्पर गळत असलं तर भांडं भरू द्यायचं नाही, पटापट ओतत राहायचं. तसं यंत्राचा एवढासा तुकडा वापरायचा आणि तो भराभर रिकामा करायचा, उजेड साठतच नाही. गणित केलंय. परवापासून पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी बरोबर येतं."

"मग झालं तर!"

"झालं कसं? परीक्षकाने ते पान वाचलं, आणि तरी हे लिहिलं. म्हणजे त्या गणितात अशी काहीतरी ढोबळ चूक आहे, की तिच्यावर बोलणंसुद्धा त्याला कमीपणाचं वाटलं. आणि मला ती दिसत नाही." ते खिडकीबाहेर, खाली सामुद्रधुनीकडे बघत राहिले. "आमच्या कोसिमोचं तुला माहितीये."

कोसिमो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. पाव आणायला म्हणून घराबाहेर पडला आणि फेरीबोटीत बसून पलीकडच्या किनाऱ्यावर गेला. तिथे धक्क्यावर सापडला तेव्हा आपलं घर कुठल्या बाजूला हे त्याला सांगता येईना. पुढे पुढे त्याला बायकोपोरं ओळखू येईनात.

"कोसिमोलाही शेवटपर्यंत खात्री होती," लिल्लो म्हणाले. "मी चुकतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. म्हणून म्हणतो, माझं बरोबर येतंय याचीच मला भीती वाटते."

आता बोलायला हवं होतं. प्रोफेसर, तो मी, आणि तिसरं पान मी पाहिलंच नाही. इतकंच. पण ऑर्नेलाच्या तोंडून निघालं, "द्या तो अर्ज माझ्याकडे. मी तपासते."

दार लावून तिने तिसरं पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. गणित मुद्देसूद, एकेक पायरी स्वच्छ, जशी ते फळ्यावर लिहायचे तशी. उजेडाचा प्रश्न सुटला होताच, वर तो सुटला की नाही हे निरीक्षणातूनच कसं पडताळायचं तेही दिलं होतं. इतका देखणा अर्ज त्या ढिगात दुसरा नव्हता. लाजेने तिचं अंग बारीक झालं. तिला आरशातला तो चांदीच्या कागदातला आपला चेहरा आठवला, त्यावरचं हसू आठवलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. शंभर टक्के. परीक्षक चुकला."

लिल्लोंनी तिच्या गालाला हात लावला. "माझी पोर ती. तू दुसरं काय म्हणणार?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत!"

"तुझा जीव आहे माझ्यावर. त्याचा नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं मी कोण ते. म्हणून तर खरं बोलला बिचारा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं येणं थांबलं. आठवड्याभरात त्यांची बायको रोझाल्बा येऊन टेबलावरची पुस्तकं घेऊन गेली. खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं, आणि जाता-येता ऑर्नेला तिकडे न बघण्याची कसरत करू लागली.

तिच्याकडे ढाल होती, नियमाची. तपासणाऱ्याने नाव सांगायचं नाही, सांगितलं तर समितीतून हकालपट्टी, वर बदनामी. ती स्वतःला हे दिवसातून अनेकदा बजावायची. नियम पाळायचा एवढा उमाळा तिला यापूर्वी कधी आला नव्हता. अर्ज पूर्ण वाचायचा हाही नियमच होता की!

एकदा कॉफीच्या वेळी तानो आला. तानो शेजारच्या खोलीतला, जगभरच्या वेधशाळांतल्या भानगडी पाठ असलेला.

"नवीन ऐकलंत? कुणा शहाण्याने कृत्तिकांसाठी पातळ फिल्टर मागितला. परीक्षकाने काय शेरा मारला असेल?" त्याने बोट वर केलं. "तारे चमकतात!"

सगळे खिदळले. "कुठून ऐकलंस रे?" कुणीतरी विचारलं.

"जर्मनीत म्हणे भिंतीवर चिकटवलाय. अर्जदार कोण होता देव जाणे. म्हातारा चळलेला असणार कुणीतरी."

"गप्प बैस, तानो," ऑर्नेला म्हणाली.

"का गं? तुला कधीपासून दया यायला लागली? तुझ्याच तोंडी शोभलं असतं ते वाक्य!"

तिने कप इतक्या जोरात ठेवला की कॉफी तिच्याच बाहीवर उडाली. तानो बिचारा अजूनही हसत होता. त्याला खरं तेच दिसलं होतं. तिच्याच तोंडी शोभण्यासारखं होतं, आणि हेच तिला सोसवत नव्हतं. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर तिनेही ते भिंतीवर चिकटवलं असतं. आपण माणूस म्हणून अशा आहोत, हे तिला त्या कॉफीच्या डागाकडे बघताना कळलं, आणि कळल्यावर तिला स्वतःची किळस आली.

रविवारी चर्चमधली माणसं घरी परतत होती तेव्हा ती लिल्लोंच्या दाराशी उभी होती. रोझाल्बाने दार उघडलं. रोझाल्बा बुटकी, रुंद, आयुष्यभर कन्याशाळेत गणित शिकवलेली बाई. ऑर्नेलाच्या दोन्ही गालांचे मुके तिने घेतले, पण नेहमीसारखं "वाळलीस गं" म्हणाली नाही.

"आलीस ते बरं झालं. तो बाहेर पडत नाही. मोटार विकायला काढलीये. मंगळवारी डोक्याच्या डॉक्टरकडे नेतेय."

"काही... काही विसरतात का ते, सिन्योरा?"

"काही नाही. पण मला मेलीला काय कळतंय? कोसिमोच्या बायकोलाही सुरुवातीला काही कळलं नव्हतं."

लिल्लो स्वयंपाकघरात होते. चुलीवर सुक्या माशाचा रस्सा रटरटत होता, बटाटे, ऑलिव्ह, टोमॅटो, सगळं रविवारचं. ते टेबलाशी बसून पुस्तकांचे दोन ढीग लावत होते.

"ये पोरी! हा ढीग तुझा, आणि हा संस्थेला. मला आता वाचून काय करायचंय? पान उलटलं की शंका येते, मागचं खरंच असंच होतं का."

"प्रोफेसर, मला सांगायचंय."

"आधी बस तर."

"नाही, उभीच राहते. ते मी लिहिलंय. तो शेरा. तारे चमकतात. तो परीक्षक मी आहे."

रोझाल्बाचा हात रश्श्यातल्या चमच्यावर थांबला.

"तू?" लिल्लो म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. चेहरा पांढरा पडला होता. "तुला... म्हणजे तुलाही ते चुकीचं वाटलं? तिसरं पान?"

त्यांना धक्का कशाचा बसला होता! हिने आपला अपमान केला, याचा नव्हता. ऑर्नेलासारखीला, आपल्या हाताखाली शिकलेलीला, आपलं गणित चुकीचं दिसलं, याचा होता. ते पाहून तिला रडू फुटलं.

"मी तिसरं पान वाचलंच नव्हतं! दुसऱ्याच्या अर्ध्यावर सोडलं. मी... मी केस रंगवत बसले होते, प्रोफेसर. फोनवर वाचत होते. डोक्याला कागद लावून. बाप्तिस्म्याची घाई होती, आणि ते वाक्य सुचलं, मला ते आवडलं, म्हणून लिहिलं. तुम्ही निघून गेलात त्यानंतरही मी गप्प बसले. माझी जागा जाईल म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. तुमच्यासमोर लाज वाटायला नको म्हणून मी तुम्हाला वेड लागलंय असं तुम्हालाच वाटू दिलं."

चुलीवर रस्सा उकळत होता. ऑर्नेला वाट बघत होती. शिव्या द्या. दार दाखवा. तिने दोन्हींची तयारी केली होती.

"वाचलंच नव्हतं?" लिल्लोंनी पुन्हा विचारलं.

"नाही."

"बघितलंसुद्धा नाही? एकदाही?"

"तुम्ही सांगितल्यावर पहिल्यांदा बघितलं."

"मग त्यात चूक...?"

"नाही. कधीच नव्हती."

लिल्लो खुर्चीतून उठले. तिला वाटलं, आता. पण त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, जसं एखाद्याने हरवलेलं लेकरू सापडल्यावर धरावं, आणि ते हसू लागले.

"रोझाल्बा! ऐकलंस का? तिने वाचलंच नव्हतं! डोकं ठीक आहे माझं! वाचलंच नव्हतं गं!" त्यांनी ऑर्नेलाला मिठी मारली, कपाळाचा मुका घेतला. "केस रंगवत होती! वा रे वा! पुढच्या वर्षी गणित पहिल्याच पानावर घालतो, वरच्या ओळीत, रंग वाळायच्या आत वाचून झालं पाहिजे. मोटार नाही विकायची हं! सांग त्या दलालाला!"

"मला शिवी तरी द्या हो," ऑर्नेला रडत म्हणाली.

"शिवी कसली? अगं, तू मला काय दिलंस तुला कळतंय का?" त्यांना धीर नव्हता. ते बाल्कनीत धावले आणि खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याला हाका मारू लागले. "ओ प्लाचिदो! डोकं शाबूत आहे! नाही, नाही, डॉक्टरकडे नाही गेलो! कुणीतरी मूर्खाने वाचलंच नव्हतं! कोण ते नाही सांगायचं, गुपित आहे! पण वाचलंच नव्हतं!"

खालून न्हावी काहीतरी ओरडला, गल्लीतलं आणखी कुणी हसलं, कुणीतरी अभिनंदन केलं. प्रत्येक आरोळीबरोबर ऑर्नेलाची मान खाली जात होती. त्यांच्या आवाजात रागाचा कणही नव्हता. राग असता तर तिला निदान कशाला तरी धरता आलं असतं.

रोझाल्बाने खोल ताटलीत रस्सा वाढला. माशाचा चांगला तुकडा निवडून घातला, शेजारी पाव ठेवला आणि ताटली ऑर्नेलासमोर सरकवली.

"खा."

"सिन्योरा, मला जाऊ द्या. माझ्या घशाखाली नाही उतरायचं."

"तो आत येईल आणि तू गेलेली दिसलीस तर त्याला वाईट वाटेल. खा." ती समोर बसली, हात मांडीवर ठेवून. बाल्कनीतून लिल्लोंचं हसणं आत येत होतं. रोझाल्बाने आवाज उतरवला. "तो तुला माफ करेल. केलंच की. तो तसाच आहे. मी तशी नाही, ते तुला माहीत असलेलं बरं."

ऑर्नेलाने मान हलवली.

"तो कागद आल्यापासून," रोझाल्बा म्हणाली, "रोज सकाळी डोळे उघडले की मी त्याला माझं नाव विचारत होते. तोच म्हणाला होता, विचारत जा म्हणून. रोज बरोबर सांगायचा. आणि सांगून झालं की बरोबर आलं का ते बघायला माझ्या तोंडाकडे बघत राहायचा."

ऑर्नेलाने चमचा उचलला आणि ती खाऊ लागली.